फुलोऱ्यातली परी आणि आईचा विळा

ढगांच्या जरा खाली आणि रस्त्यांच्या खूप वर, डोंगराच्या सपाट माथ्यावर हिरडवाडी नावाची इवलीशी वस्ती होती. तिथे माणसांपेक्षा गाई जास्त, आणि गाईंपेक्षा गवत कितीतरी जास्त. तरी एका उन्हाळ्यात हिरडवाडीच्या गाई भुकेने मेल्या. पोट भरलेलं असताना मेल्या.

कुणालाच काही उमगेना. दारोदार गवताच्या पिवळ्याधमक गंज्या उभ्या होत्या, छपराहून उंच. गाई दिवसभर खात होत्या. त्यांची पोटं नगाऱ्यासारखी फुगली होती, आणि बरगड्या कुंपणाच्या काठ्यांसारख्या वर आल्या होत्या. आधी त्यांचं दूध आटलं. मग त्या बसल्या जागेवरून उठेनाशा झाल्या.

"देवीचा कोप," मोठी माणसं म्हणाली.

भागू तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची होती. ती गोठ्यागोठ्यात फिरायची. वाळक्या गवताची कुसळं, म्हणजे त्याच्या बियांची सुईसारखी टोकं, गाईंच्या जिभेत आणि हिरड्यांत रुतून बसत. भागू आपली चिमुकली बोटं गाईच्या तोंडात घालून एकेक कुसळ अलगद काढायची. गाय कुणाचीही असो.

"अगं, ती काही जगत नाही आता," कुणी म्हणे.

"मरताना तरी टोचायला नको ना," भागू म्हणायची.

पावसाळ्याच्या तोंडाशी भागूची आई तापाने गेली. घरात उरले भागूचा बा कोंडिबा, पाळण्यातला पिटुकला भाऊ बिरू, आणि अंगावर पांढरे ठिपके असलेली एकुलती एक गाय, कवडी. बिरू कवडीच्या दुधावर जगत होता. येत्या उन्हाळ्यात तिचंही दूध आटलं तर बिरूचं काय होईल, हे त्या घरात कुणी बोलत नसे. बोलायची गरजच नव्हती.

हिरडवाडीची एक रीत होती. पाऊस सुरू झाला की घरोघरचे विळे देवीच्या देवळात टांगायचे, ते दिवाळी झाल्यावरच काढायचे. तोवर कुरणातल्या गवताला कुणी पातं लावायचं नाही. देवळाची राखण रावजीआजाकडे होती. त्याचे डोळे घारीचे होते आणि जीभ कुसळाची.

भाद्रपदात चार दिवस पाऊस उघडला. भागू बिरूला पाठीशी बांधून कुरणात गेली. काय सांगू ते कुरण! गवत कमरेएवढं उंच आणि हिरवंगार, आणि त्यावर जांभळे, तांबूस, रुपेरी तुरेच तुरे. वारा आला की सगळ्या माथ्यावर मोरपिशी लाटा उठत. तिथे कुणी नाही असं पाहून भागू खाली बसली आणि रडली.

"बिरूला हलवू नकोस गं, झोपलाय," बारीक आवाज आला.

एका जांभळ्या तुऱ्यावर अंगठ्याएवढी परी बसली होती. तिचे पंख दवासारखे चमचमत होते. केसांतून पिवळी धूळ झुळूझुळू सांडत होती.

"मी फुलोऱ्यातली परी," ती म्हणाली. "तुझी बोटं मी ओळखते. मेल्या गवताची कुसळं तू गाईंच्या तोंडातून काढलीस. ती आमचीच होती बाळा. आम्हाला त्याची फार लाज वाटली. माग, काय हवं ते माग. पण एक ध्यानात ठेव, गवताकडे जे आहे तेवढंच मी देऊ शकते."

भागूने क्षणभरही विचार केला नाही. "माझी आई दे."

परीचे पंख मिटले.

"गवतात आई नाही गं," ती हळूच म्हणाली. "असती तर आधी तीच दिली असती. दुसरं माग."

भागूने डोळे पुसले. "मग बिरूला उन्हाळाभर दूध दे."

"ते आहे!" परी आनंदाने टुणकन उडाली. "ती काडी मोड आणि चावून बघ."

भागूने चावलं. हिरवा, गोड रस जिभेवर आला.

"हेच दूध. आम्ही फुलोऱ्यात असतो तोवर ते पानापानांत असतं. मग आमचं बी होतं. गवत आपला थोडा जीव बियांत घालतं, थोडा मुळांशी लपवतं. मधे उरते ती नुसती काडी. तुमचं गाव दिवाळीनंतर येतं आणि ती काडी कापून नेतं."

भागूच्या डोळ्यांपुढे त्या पिवळ्याधमक गंज्या उभ्या राहिल्या.

"माझे नियम मात्र कडक आहेत," परी म्हणाली. "मी इथे बसलेय तोवरच काप. जमिनीसरसं कापू नकोस, मूठभर बुंधा ठेव, म्हणजे गवत पुन्हा वर येईल. आणि वरच्या बांधाजवळचा पट्टा तसाच उभा ठेव, त्याला बी धरू दे. तुझी स्वतःची गाय हंबरली तरी त्याला हात लावायचा नाही. तो गेला, की मी गेले."

"पण कापताना तुम्हाला दुखेल ना?"

"दुखेल," परी म्हणाली. तिने खोटं सांगितलं नाही.

भागू बाचा हात धरून पळत देवळात गेली. रावजीआजाने सगळं ऐकून घेतलं आणि काठी आपटली.

"कोवळ्या गवताला विळा? उद्या म्हणशील, वासरू पोटातच कापू! कोंडिबा, आई गेल्यापासून पोरीचं डोकं फिरलंय बघ. एके साली लोकांनी हिरवं गवत सगळं कापून नेलं, तेव्हा दुसऱ्या साली या माथ्यावर नुसते दगड उगवले होते. म्हणून वाडवडिलांनी विळे टांगले. माझ्या जिवंतपणी एकही विळा या खुंटीवरून निघणार नाही!"

कोंडिबा मान खाली घालून घरी आला. "विळाच नाही गं पोरी," तो म्हणाला. "हाताने किती उपटणार?"

भागू छपराकडे बघत होती. तिथे पेंढ्यात काहीतरी खोचलेलं होतं. आईचा विळा! विळे टांगायच्या दिवशीच तर आई गेली होती. तो देवळात न्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं. लाकडी मुठीवर आईच्या तळव्याची खळगी पडली होती. भागूने त्या खळगीत आपला इवलासा हात ठेवला. कोंडिबाने तिच्याकडे पाहिलं आणि विळा काढून तिच्याबरोबर कुरणात गेला.

त्यांनी कुरणातला फक्त आपला वाटा कापला. विळा फिरला की तुऱ्यांमधून बारीक उसासा यायचा. भागू प्रत्येक पेंढीपाशी "माफ करा गं" म्हणायची. गवत उन्हात उलटसुलट केलं, हिरवं असतानाच सावलीत नेलं. एक ढीग अवचित सरीत सापडला, काळा पडला आणि कुजला. कोंडिबा त्या ढिगाशेजारी डोकं धरून बसला. मग त्याची नजर बांधाजवळच्या पट्ट्याकडे गेली. तिथलं गवत सगळ्यात दाट होतं.

"तेवढंही घेऊ भागू. नाहीतर पुरायचं नाही."

भागू हात पसरून पट्ट्यापुढे उभी राहिली. "बा, तो पुढच्या सालचा घास आहे."

कोंडिबाने विळा खाली ठेवला.

गाव मात्र संतापलं. कुणी त्यांच्या दारी येईना. दिवाळीनंतर घरोघरी सोनेरी गंज्या चढल्या, तेव्हा भागूच्या दारात हिरवट गवताचा लहानसा ढीग तेवढा होता.

"काय कोंडिबा," लोक हसत. "गंजी घातलीस का चिमणीचं घरटं?"

उन्हाळा आला. हसणं थांबलं. पुन्हा पोटं फुगली, बरगड्या वर आल्या, पुन्हा गोठ्यांत हंबरडे उठले. कवडी मात्र थोड्याशा गवतावर तृप्त होऊन रवंथ करायची आणि रोज लोटीभर दूध द्यायची.

एके सकाळी भागूला दिसलं, रावजीआजाची म्हातारी गाय दारात आडवी पडली होती. तिचं वासरू कोरडी आचळं चोखत होतं. आजा तिच्या मानेवरून हात फिरवत होता.

भागू घरी गेली. ढीग आता पार आक्रसला होता. बिरू पाळण्यात हसत होता. ती पुष्कळ वेळ ढिगापुढे उभी राहिली. मग तिने गवत कवेत भरलं आणि आजाच्या दारी नेलं. दुसऱ्या दिवशीही नेलं. गाय वाचली नाही, फार उशीर झाला होता. वासरू तेवढं वाचलं.

गवत पावसाच्या आधीच संपलं. कवडीचं दूध लोटीवरून वाटीवर आलं, वाटीवरून ओंजळीवर. बिरू रडून रडून दमला, हातापायांच्या काड्या झाल्या. पण ती ओंजळ आटली नाही, आणि बिरू जगला.

पाऊस लागला आणि नवल झालं. कापलेल्या बुंध्यांतून दाट कोंब फुटले. पट्ट्यातलं बी वाऱ्याने दूरवर गेलं होतं. जुन्या उघड्याबोडक्या जागासुद्धा हिरव्या झाल्या. भागूचा वाटा साऱ्या माथ्यावर उठून दिसत होता.

भाद्रपदात जांभळे तुरे डुलू लागले, तेव्हा रावजीआजा काठी टेकत बांधापाशी आला. पट्ट्याकडे पाहत तो म्हणाला, "वाडवडिलांना बी राखायचं होतं गं. आम्ही वेडे, काडी राखत बसलो." मग देवळात जाऊन त्याने स्वतःच्या हाताने सगळे विळे खाली काढले. "वरचा पट्टा सोडायचा," तो प्रत्येकाला बजावत होता. "ज्याने सोडला नाही, त्याची गाठ माझ्या काठीशी!"

भागू पट्ट्यात शिरली. परी तिथेच होती, पिवळ्या धुळीने न्हालेली.

"तुझं पहिलं मागणं मला देता आलं नाही, म्हणून एक राहिलंय," ती म्हणाली.

"तू जाऊ नकोस."

"जावंच लागतं. बी धरायची वेळ झाली." परी तिच्या बोटावर येऊन बसली. कुसळं काढणारं तेच बोट होतं. "पण हा पट्टा उभा राहील तोवर दर साली येईन. पट्टा राखायचा तू, म्हणजे तुझं मागणं तुझ्याच हातात देऊन जाते."

ऊन वर आलं. परी आधी पिवळी झाली, मग सोनेरी, मग नुसता प्रकाश झाली. तो प्रकाश तुऱ्यातुऱ्यांवर भुरभुरला आणि विझला.

खाली कुरणात विळे चालू झाले होते. भागूने आईचा विळा उचलला. मुठीच्या खळगीत तिचा हात यंदा थोडा अधिक नीट बसत होता.