तोतया मॉरिस

कोल्हापुरात जुन्या विलायती मोटारींचं प्रदर्शन होतं. कुमुदताई आगट्यांनी सासऱ्यांची मॉरिस आणली होती. घरच्या अंगणात स्वतः नट आवळून, ग्रीस लावून त्यांनी ती जगवली होती.

परीक्षक हिंदुराव सरनोबत आपल्या नव्या गुडघ्यांचं कौतुक सगळ्यांना ऐकवत, सपत्नीक ऐटीत आले. बॉनेट उघडताच ते गरजले, "पंप नवा, रेडिएटर नवा! बाई, ही मॉरिसच नव्हे, तोतया आहे! बाहेर काढा!"

कुमुदताईंनी बॉनेट हळूच मिटलं. मग परीक्षकांच्या पत्नीकडे वळून काळजीने म्हणाल्या, "अगंबाई वहिनीसाहेब! यांचे तर दोन्ही गुडघे नवे. मग इस्पितळातून तुम्ही घरी आणलंत तरी कुणाला?"

वहिनीसाहेबांनी नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं आणि म्हणाल्या, "तरीच!"