हंसाच्या शेपटीवरचे दात

भरुकच्छ बंदरात दृढनेमी राजा गादीवर होता, त्या काळी बोधिसत्त्व जुन्या शोभेच्या वस्तू घेऊन विकणाऱ्या घराण्यात जन्मले होते. त्यांचा धाकटा भाऊ सोणक डागडुजी करी. मोडलेली वस्तू अशी सांधायची की सांधा दिसता कामा नये, ही त्या घरची रीत. आणि तिचा त्यांना भारी तोरा.

एकदा एका सुताराच्या मेंदिका नावाच्या विधवेने त्यांना चंदनाचा जुना हंस विकला. तिचे पोर तापाने फणफणले होते, वैद्याला द्यायला घरात दुसरे काही नव्हते. पोर वाचले नाही. इकडे सोणकाला हंसाच्या शेपटीवर खळगे दिसले. चंदनाचा भुगा लाखेत कालवून त्याने ते बुजवले आणि शेपूट घासून गुळगुळीत केली.

राजाचा भांडारी हंस न्यायला दुकानात येऊन बसला. असले गिऱ्हाईक एकदा दुखावले की पुन्हा उंबरा चढत नाही. तेवढ्यात मेंदिका आली. विकलेले परत मागायला नव्हे, इतकी ती लाचार नव्हती. एकदा हात लावू द्या, एवढेच म्हणाली. तिने शेपूट चाचपली, पुन्हा चाचपली.

"इथं माझ्या लेकाचे दात होते," ती म्हणाली. "दात येताना हीच शेपूट चावायचा."

भांडारी म्हणाला, लाकडात दात कसले शोधतेस बाई. चला, माल बांधा.

बोधिसत्त्वांनी हंस भावापुढे ठेवला. "लाख काढ, सोणका."

"दादा, मग हा विकला जायचा नाही."

"नाही जायचा. तूच भरलीस, तुलाच ठाव ठाऊक. लाकूड न दुखवता काढ."

सोणकाने हातातली कोरायची सुई आदळली. साऱ्या नगरात कुणाला जमणार नाही असे काम, आणि ते आपल्याच हाताने मोडायचे? कारागिराचा राग तो, खोटा कसा म्हणावा? तरी त्याने सुई निखाऱ्यावर धरली आणि कणाकणाने लाख उकरली. भांडारी शिव्या मोजत निघून गेला. त्याला कुणी थांबवले नाही. दोन इवले खळगे उघडे पडले. मेंदिकेने त्यांत बोटाचे टोक टेकवले आणि हंस घेऊन उठू लागली. बोधिसत्त्वांनी तो तिलाच दिला होता.

सोणक म्हणाला, "ताई, थांबा. खालच्या अंगाला अजून एक आहे."

तथागतांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा पोटची मुले गमावलेली भिक्षुणी पटाचारा समोर बसली होती. त्या जन्मीची मेंदिका तीच. सोणक म्हणजे आनंद, आणि थोरला भाऊ स्वतः तथागत. दुसऱ्याच्या दुःखाची खूण जपायला आपला तोटा सोसणे, याला करुणा म्हणतात. नुसत्या हळहळण्याला नव्हे.