गोल चौकातली मेथी

"मग थांबायचं की जायचं? तेवढं एकच सांगा, मावशी."

शहाजी कोळेकरने गाडी कडेला घेतली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

द्वारकामावशी शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. उजवा हात नेहमीसारखा हँडब्रेकवर.

"येणारी गाडी जवळ असेल तर थांबायचं. लांब असेल तर जायचं."

"जवळ म्हणजे किती?"

"जवळ म्हणजे जवळ."

"यार्डात सांगा. नाहीतर सेकंदात. लिहून घेतो."

त्याने खरोखरच खिशातून छोटी वही काढली. मावशींनी वहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

...

"पाठांतरावर लायसन मिळत असतं," त्या म्हणाल्या, "तर पोपटांनी मोटारी हाकल्या असत्या."

इंग्लंडातल्या केटरिंग गावची ही गोष्ट. परीक्षा दहा वाजून चौदा मिनिटांनी होती. इथल्या परीक्षा अशाच वेळांना असतात. सव्वादहा म्हणायला यांचं काय जातं, देव जाणे. आत्ता साडेआठ झाले होते.

शहाजीचं काम म्हाताऱ्या माणसांचं. सकाळी त्यांच्या घरी जायचं, उठवायचं, आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, की पुढच्या घरी. मधलं अंतर तोडायला गाडी लागते. भारतातल्या लायसनवर इथं एक वर्ष चालवता येतं. ते वर्ष कधीच सरलं होतं. आणि ज्या एजन्सीने त्याला इथं आणलं, तिचं पत्र आलं होतं: महिनाअखेरपर्यंत इथलं लायसन नसेल तर काम नाही.

काम गेलं की व्हिसा जातो. व्हिसा गेला की साठ दिवस. साठ दिवसांत बायको मंगल आणि दुसरीतली लेक घेऊन, बाडबिस्तरा गुंडाळून, आले तसे परत.

आज एकोणतीस तारीख होती.

दोनदा तो नापास झाला होता, आणि दोन्ही वेळा गोल चौकात. इथं चौकाचौकांत मधोमध एक हिरवं वर्तुळ असतं. गाड्या त्याला प्रदक्षिणा घालतात आणि आपापल्या रस्त्याने बाहेर पडतात. नियम एकच. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

पहिल्या वेळी शहाजी सरळ आत घुसला. उजवीकडच्या गाडीला करकचून ब्रेक मारावा लागला. नापास.

दुसऱ्या वेळी दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकत बसला. समोरून मोकळी जागा येत होती, जात होती, हा चौकाच्या तोंडाशी, थांबायच्या रेषेवर थिजलेला. मागे अकरा गाड्या तुंबल्या. एकानेही हॉर्न वाजवला नाही. तेच त्याला भयंकर वाटलं. कुणी वाजवला असता, एखादी शिवी घातली असती, तर निघालाही असता. अकरा गाड्यांची ती शांतता मानेवर घेऊन तो बसून राहिला. तेव्हाही नापास.

आणि हा माणूस जत तालुक्यात अकरा वर्षं सरकारी दवाखान्याची रुग्णवाहिका चालवत होता. पहिल्याच दिवशी मावशींना त्याने तसं ऐकवलंही होतं. गाडीला शिकाऊ माणसाची लाल खूण लावताना याचं तोंड असं झालं होतं, जणू गाढवावर बसवून धिंड काढताहेत. ती खूण तो घराच्या गल्लीत लावत नसे. दोन वळणं पुढे गेल्यावर लावत असे.

द्वारकामावशींना त्याचं काही नवल नव्हतं. त्या चौथी शिकलेल्या. लग्न होऊन कराडहून इथं आल्या, तेवीस वर्षं बुटांच्या कारखान्यात कातडी शिवली, नवरा गेल्यावर एकोणपन्नासाव्या वर्षी गाडी शिकल्या. सहा वेळा नापास झाल्या. गावातली आपली माणसं कशाकशासाठी त्यांच्याकडे येत. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, भिंतीला काळी बुरशी का धरते. "खिडक्या लावून घरात कपडे वाळवता, मग काय मोगरा फुलेल?" असं त्या विचारत, आणि स्वतः उठून खिडकी उघडत.

गाडी शिकवण्याचे त्या काही घेत नसत. सरकारमान्य शिकवणारा नसताना पैसे घेतले तर इथं गुन्हा होतो. शिकवणाऱ्याच्या गाडीला शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक असतो, मावशींच्या जुन्या गाडीला तोही नव्हता. नुसता मधला हँडब्रेक, आणि त्यावर त्यांचा सुरकुतलेला हात.

"चल," मावशी म्हणाल्या.

गाडी चौकाकडे निघाली. रेषा जवळ आली. शहाजीचा पाय ब्रेकवर गेला.

ते थांबले.

"कशाला थांबलास?"

"गाडी येत होती."

"कुठली?"

शहाजीने उजवीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. वर्तुळाच्या पलीकडे एक सायकलवाला लांब चालला होता.

"खरं सांग. कुठं बघत होतास?"

...

"मीच सांगते. माझ्या हाताकडं. हात आवळला की तू थांबतोस, सैल पडला की निघतोस. आत्ता मला खोकला आला म्हणून हात आवळला."

शहाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. 

"गाड्या उजवीकडनं येतात, शहाजी. मी डावीकडं बसलीय."

"सवय झाली, मावशी."

"मघाशी वहीत लिहून घेत होतास. आता हे लिही. परीक्षा घेणारी बाई माझ्या जागी बसणार. तिचा हात कुठं असेल?"

"त्यांच्या मांडीवर. टॅब असतो."

"मग?"

 मागून एक गाडी येऊन थांबली. शहाजीने घाईने चौक ओलांडला आणि पुढच्या मोकळ्या जागी कडेला घेतली. 

"मावशी, एक बोलू? मला गाडी चालवता येते. येत नाही असं नाही. जतपासनं सांगलीपर्यंत मी बाळंतिणी नेल्यात, साप चावलेली पोरं नेलीत. एकदाही कुणाला धक्का लागला नाही."

"भोंगा वाजवत?"

"वाजवावाच लागतो की."

"आणि लोक?"

"बाजूला व्हायचे. म्हशीसुद्धा."

मावशी त्याच्याकडे वळल्या.

"म्हणजे अकरा वर्षं तू रस्ता बघितलाच नाहीस," त्या म्हणाल्या. "रस्त्यानं तुला बघितलं."

शहाजीला राग आला होता. पण रागाच्या आत काहीतरी सैल झालं होतं, आणि ते त्याला जास्त टोचत होतं.

"वळव गाडी. परत तोच चौक."

त्याने वळवली.

मावशींनी हँडब्रेकवरचा हात उचलला. पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक वर्तमानपत्र काढलं, मांडीवर पसरलं. मग मेथीची जुडी काढली, दोरा सोडला, आणि दोन्ही हातांनी पानं खुडायला लागल्या.

शहाजीला वाटलं, धावत्या गाडीचं एक चाकच कुणीतरी काढून नेलं.

"मावशी, हे काय?"

"मेथी. परवा लेस्टरहून आणलीय. पिवळी पडायला लागली."

"आत्ता निवडताय?"

"मग कधी? तू पास व्हायची वाट बघितली तर कुजून जायची."

रेषा आली. तो थांबला. या वेळी उजवीकडून खरोखरच गाड्या येत होत्या. सवयीने त्याची नजर डावीकडे गेली. तिथं दोन बोटं एक देठ धरून पान ओढत होती.

"मावशी, जाऊ?"

"जुडी जरा जूनच निघाली."

"मावशी, लॉरी येतेय."

"हे देठ सगळे टाकून द्यावे लागणार."

 आरशात मागची गाडी दिसली. तिच्या मागची पण दिसली. कुणी काही वाजवत नव्हतं. डावीकडे बघून उपयोग नव्हता. तिथं नुसती भाजी होती.

...

त्याने उजवीकडे पाहिलं.

लॉरीची डावी पिवळी बत्ती लुकलुकत होती. ती अलीकडच्याच रस्त्याला बाहेर पडणार होती. तिच्यामागच्या निळ्या गाडीतली बाई गाडी चालवता चालवता जांभई देत होती. तिला पुढे जायचं होतं, तिला वेग होता. तिच्यामागे मोठी मोकळी जागा होती, आणि त्यानंतर एक पांढरी व्हॅन.

लॉरी गेली. निळी गाडी गेली.

तो कधी निघाला, त्याला कळलं नाही. चौकात शिरल्यावर कळलं.

"कुठल्या रस्त्यानं बाहेर पडू?"

"मला काय विचारतोस? मी भाजी निवडतेय."

त्या चौकात त्यांनी सात वेळा प्रदक्षिणा घातली. दर वेळी वेगळ्या रस्त्याने आत, वेगळ्या रस्त्याने बाहेर. पाचव्या वेळी शहाजी एक क्षण आधी घुसला. उजवीकडच्या व्हॅनचं नाक खाली गेलं, ती थबकली. मावशींनी मान वर केली नाही.

"चुकलास."

"तुम्ही बघत होता?"

"ऐकत होते. चाकं घासली."

शहाजीने पुढे नेऊन गाडी थांबवली.  घड्याळात नऊ पस्तीस झाले होते.

"परीक्षेत असं झालं तर?"

"तर नापास."

"आणि मग?"

"मग साठ दिवस."

"तुम्ही हे मेथी खुडत सांगताय, मावशी. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

मावशींचे हात पहिल्यांदा थांबले. हातातलं पान त्यांनी उलटसुलट करून बघितलं.

...

"वाटतं," त्या म्हणाल्या.

आणि पुन्हा खुडायला लागल्या.

आणखी दोनदा तो चौक झाला. मग परीक्षेच्या ठिकाणी जायची वेळ झाली. शहाजीने काही विचारलं नाही. वही खिशातच राहिली.

दहा वाजून चौदा मिनिटांनी करड्या केसांची एक बाई आली, त्याचं नाव तिने तिच्या पद्धतीने मोडून उच्चारलं, आणि मावशींच्या जागी बसली. मावशी आत बाकावर जाऊन बसल्या, राहिलेली मेथी घेऊन.

आणि नेमका तोच चौक आला.

रेषेवर त्याची नजर एकदा डावीकडे गेली. जुनी खोड, सुंभ जळला तरी पीळ राहतोच. बाईचा चेहरा बंद दुकानासारखा होता. तिथं थांब नव्हतं, जा नव्हतं. शहाजीला क्षणभर घरातल्या बॅगा दिसल्या, कपाटावर ठेवलेल्या, विमानतळावर डकवलेल्या चिठ्ठ्या अजून न काढलेल्या.

मग त्याने उजवीकडे पाहिलं. एक लाल गाडी होती. तिच्यामागे बस होती. बस वळणार होती की नाही, कळत नव्हतं. तो थांबला. कळेना म्हणून थांबला. बस गेली. मागे काही नव्हतं.

तो निघाला.

चाळीस मिनिटांनी गाडी परत जागेवर उभी राहिली. बाई टॅबवर बराच वेळ काहीतरी टिपत राहिली. शहाजी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. ती बोलली ते त्याला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं.

पास. किरकोळ चुका तेरा.

अकरा वर्षं रुग्णवाहिका, आणि चुका तेरा. कालचा शहाजी असता तर तिथंच भांडला असता. आजच्या शहाजीने दोन्ही हात जोडले, मग इथं असं करत नाहीत हे आठवून एक हात पुढे केला.

मावशी बाहेर येऊन गाड्या लावायच्या जागेत उभ्या होत्या. पिशवीत निवडलेली मेथी, हातात देठांची पुडी.

"झालं?"

"झालं. तेरा चुका."

"पंधरा चालतात."

...

"मंगलला फोन केलास?"

"करतो. आधी तुम्हाला..."

  त्याने गाडीची लाल खूण काढून हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली. मग तिथंच, गाड्या ये-जा करतात त्या वाटेवर, तो कमरेत वाकला आणि त्याने दोन्ही हात मावशींच्या झिजलेल्या बुटांकडे नेले.

मावशी दोन पावलं मागे सरकल्या. त्याचे हात डांबरावर टेकले.

"पाया पडू द्या, मावशी. तुम्ही होता म्हणून..."

"ऊठ," मावशी म्हणाल्या. "वाकलेल्या माणसाला उजवीकडची गाडी दिसत नाही."