मखमलीतली तीन नाणी

एका राज्यात लग्नं आवाजाविना लागत. सनईवाला गाल फुगवी, पण सनईतून नुसता वारा येई. देवळातली वीणा छेडली तर तारा हलत, आवाज होत नसे. मृदंगावरची थाप उशीवर मारल्यासारखी विरून जाई.

त्या राज्यात लाडोबा नावाचा मृदंग करणारा होता. त्याची मुलगी तुंगा चौदा वर्षांची, चारचौघांत मान वर न करणारी. वर्षभर ती बघत होती. बाबा रोज कणीक मळत, मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावत, थाप मारत, कान देत, आणि कणीक खरवडून टाकत.

"माझाच हात बिघडला, पोरी."

"बाबा, सगळ्यांचीच वाद्यं मुकी झालीत."

"इतरांचं मला काय ठाऊक? विद्या माझ्यावर रुसली."

तुंगा मनात चरफडे. चोरी राजाची, आणि शिक्षा बाबा स्वतःला देत होते!

चोरी सगळ्यांना ठाऊक होती, फक्त बाबांना पटत नव्हती; उघड बोलत कुणी नव्हतं. राजा हेमांगदाला सोन्याच्या नाण्यांचं वेड. त्याच्या टांकसाळीत कालकंठ जादूगार बसे. त्यानं नाण्यावर वीणा उमटवली, त्या दिवशी राज्यातल्या वीणा मुक्या झाल्या. मग सनई. मग मृदंग. तिन्ही नाणी राजानं मखमलीच्या पेटीत जपली. राजवाड्याच्या सज्जातली बोलकी साळुंकी रोज त्यांचा भाव पुकारी, "मृदंग! काल चाळीस गावं, आज पंचेचाळीस!" जे जगातून नाहीसं झालं, त्याचा भाव चढतच जाई.

एके सकाळी साळुंकी ओरडली, "आज सूर्यास्ताला चौथं नाणं! माणसाचा गळा, बोलणं-गाणं सगळं! संच पुरा!"

तुंगा उठली आणि थेट सज्जाखाली जाऊन उभी राहिली.

"साळुंके, ही जादू कशानं सुटते?"

"तुला का सांगू, चिमणे?"

"उद्यापासून तुला भाव विचारायला कुणाचा गळा उरणार आहे?"

साळुंकीनं मान वाकडी केली. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"नाणं वाजलं की आतल्या आवाजाची कैद सुटली," ती हळूच म्हणाली. "राजाला ते ठाऊक नाही. कालकंठानं त्याला एवढंच बजावलंय, मखमलीबाहेर काढू नका, चरा पडला की भाव पडेल."

तुंगा दरबारात गेली.

"कोण तू? काय मागणं आहे?" राजानं विचारलं.

"लाडोबाची तुंगा. मागणं नाही, महाराज. विचारणं आहे. ही नाणी खऱ्या सोन्याची कशावरून?"

कालकंठ गरजला, "हाकला त्या पोरीला!"

"बघा, महाराज. परीक्षेचं नाव काढलं की यांना राग येतो."

राजाचा चेहरा उतरला. "तीन परीक्षा होतील. नाणी खोटी निघाली तर कालकंठाचं मस्तक. खरी निघाली तर चौथ्या नाण्यासाठी पहिला गळा तुझा."

"कबूल," तुंगा म्हणाली.

पहिली परीक्षा तराजूची. नाणी गुंजभरही कमी भरली नाहीत.

"वजन खोट्यालाही जुळवता येतं," तुंगा म्हणाली.

दुसरी परीक्षा कसोटीच्या दगडाची. राजानं डोळे मिटले. दरबारी सराफानं नाण्यांची कड दगडावर घासली. पिवळीधमक रेघ उमटली.

"ही वरची कातडी. पोटात काय आहे?"

राजाला घाम फुटला. "पोटातलं कसं कळायचं?"

"भाजी विकणारी बाईसुद्धा नाणं कसं पारखते, ते सराफकाकांना विचारा."

म्हातारा सराफ खाली बघत पुटपुटला, "वाजवून घेते, महाराज."

"नको!" कालकंठ किंचाळला. "वाजवू नका!"

त्या किंचाळीनं राजाचा उरलासुरला विश्वास उडाला. त्यानं स्वतःच्या हातानं तिन्ही नाणी उचलली आणि एकामागून एक फरशीवर आपटली.

खण्ण! खण्ण! खण्ण!

"खरी आहेत!" राजा हसला. "सगळी खरी!"

आणि मग त्याला मृदंग ऐकू आला. पाठोपाठ वेशीवरून सनई आली, देवळातून वीणा आली. नाण्यांवरचे ठसे पुसून गेले. जादू उलटली आणि कालकंठ उभ्या उभ्या काळा दगड झाला. पुढे लोकांनी तो नदीच्या घाटाला लावला.

"साधं सोनं!" साळुंकी पुकारली. "साध्या सोन्याचा भाव!"

"पोरी, तू मला लुबाडलंस!" राजा म्हणाला.

"गुंजभर तरी सोनं कमी झालं का?" तुंगाचा आवाज चढला. "तुमचं ते सगळं तुमच्यापाशी आहे. आमचं तेवढं आम्ही परत घेतलं!"

राजानं तिन्ही नाणी तळव्यावर घेऊन पाहिली; सोनं होतं तेवढंच होतं. मग त्यानं चौथ्या नाण्याचा साचा मागवला आणि घणानं फोडवला. त्या दिवसापासून त्या टांकसाळीत फक्त बाजारात चालणारी नाणी पडू लागली.

तुंगा घरी आली. लाडोबा मृदंगापाशी बसला होता आणि आपला तळवा उलटासुलटा करून बघत होता.

"तुंगे," तो म्हणाला, "हात बिघडला नव्हता गं माझा."

"मी रोज सांगत होते!" तुंगा इतक्या मोठ्यानं ओरडली की सगळी आळी दारात आली. आळीसमोर पहिल्यांदाच तिनं मान खाली घातली नाही. "रोज सांगत होते, बाबा!"

मग तिला रडू कोसळलं. लाडोबानं मृदंग पुढ्यात ओढला आणि पुरं एक वर्ष साठलेली थाप मारली.