कुंभेरीच्या उतरत्या मैदानाची गोष्ट

कुंभेरी कॉलेजचं मैदान सपाट नाही, हे तुम्ही आल्याआल्याच पाहिलं असेल. पूर्वेचा गोल डोंगराच्या पायथ्याशी, पश्चिमेचा ओढ्याकाठी, आणि दोन्हींमध्ये जवळजवळ पुरुषभर उतार. शिवाय इथे दर गोलनंतर दोन्ही संघ बाजू बदलतात. बाहेरून आलेले खेळाडू चक्रावतात. इतकी वर्षं झाली तरी मैदान सपाट का केलं नाही आणि जगभर मध्यंतराला बदलतात ती बाजू इथे दर गोलला का बदलतात, असं पाहुणे मला विचारतात. मी या कॉलेजात एकतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, म्हणून मला हे नीट सांगता येईल असा त्यांचा समज असतो. मी जसं ऐकलं तसं सांगतो. कुठे घसरलो तर सांभाळून घ्या.

साल एकोणीसशे सात असावं, किंवा नऊ. कॉलेजची पहिली फुटबॉल टीम त्या वर्षी उभी राहिली. खेळ कुणी धड पाहिलेला नव्हता. गणिताचे प्रोफेसर खांबेटे यांना जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात नियमांची एक पुस्तिका मिळाली आणि त्यांनी ती फळ्यावर आकृत्या काढून शिकवली. पुस्तिका चाळीसएक वर्षांपूर्वीची होती. तीत लिहिलं होतं की गोल झाला की बाजू बदलायची. पुढे विलायतेत हा नियम केव्हाच गेला होता, पण ते कुंभेरीत कोण सांगणार? उलट या उतरत्या मैदानावर तो नियम सगळ्यांना फार न्यायाचा वाटला. उताराचा फायदा घेऊन गोल केलात ना, आता चढा. गावातल्या तीन संघांशी सामने झाले, तेही आपल्याच पोरांकडून खेळ शिकलेले. चुकतंय असं वाटायला कुणी उरलंच नव्हतं.

कर्णधार होता शंभूराव इंगवले. गोली होता हुसेन तांबोळी. पावसाळा संपल्यावर टीम छावणीच्या गावी गेली, तिथल्या कॉलेजशी खेळायला. मैदान सपाट, पंच गोरा. इंगवल्याने पहिल्या दहा मिनिटांत गोल केला आणि अकराच्या अकरा जण शिस्तीत पलीकडे चालू लागले. छावणीवाले जागचे हलले नाहीत. हुसेन थेट त्यांच्या गोलमध्ये जाऊन त्यांच्या गोलीशेजारी उभा राहिला.

"अहो, हे माझं घर आहे," तो गोली म्हणाला.

"मग आमचं कुठं गेलं?" हुसेनने विचारलं.

लोक पोट धरून हसले. पंचाने सगळ्यांना गोळा करून सांगितलं की बाजू मध्यंतरालाच बदलेल. पोरांनी माना डोलावल्या. उत्तरार्धात छावणीने बरोबरी केली. खेळ पुन्हा सुरू झाला, चेंडू इंगवल्याकडे आला, आणि तो वळला. सबंध हंगामभर गोल झाला की वळत होता तसाच वळला. स्वतःच्याच गोलकडे धावत सुटला. हुसेन दोन्ही हात पसरून ओरडत होता, "अगा शंभूदादा, मी हाय! मी हुसेन!" तरी त्याने मारला. असा सुरेख फटका त्याने जन्मात मारला नव्हता म्हणे. सामना दोन-एकने गेला.

गावात टीमच्या आधी बातमी पोचली. इंगवले फितूर झाला. पंचाने समजावून सांगितल्यावरही माणूस चुकतो कसा, हा लोकांचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो प्रश्न बिनतोड वाटतो. सखाराम गवंडी बाजारपेठेत पाराशी बसायचा. इंगवले दिसला की हाक मारायचा, "काय कर्णधार, आज घरी चाललाय का पलीकडच्यांच्यात?" प्रिन्सिपॉल रेगे यांनी त्याला बोलावलं. हंगामाचा शेवटचा सामना छावणीशीच, पण आपल्या मैदानावर होता. "तो जिंका," ते म्हणाले, "नाहीतर पटावरून नाव कमी करतो. कॉलेजला हा कलंक नको." इंगवल्याने एवढंच मागितलं की सामना आपल्या पुस्तिकेप्रमाणे व्हावा. छावणीवाल्यांनी उतार पाहिला आणि ते आनंदाने कबूल झाले.

त्या दिवशी सगळं गाव उताराच्या कडेने बसलं होतं. आधी छावणीचा गोल, बाजू बदलली. मग कुंभेरीचा गोल, पुन्हा बदलली. एक-एक. वेळ संपत आलेला. तेव्हा छावणीचा कर्णधार देवलेकर, त्याच्या पायात चेंडू आला आणि तो उताराने ओढ्याकडे धावत सुटला. उतार पायाला ओढतोच. पण आता ओढ्याकडचा गोल त्याचाच होता.

कुंभेरीची पोरं जागच्या जागी थांबली. कुणी ब्र काढला नाही. इंगवले त्याच्यापासून चार पावलांवर होता. काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं, म्हणजे सामना त्याचा, कॉलेज त्याचं.

त्याने हात वर करून डोंगराकडे दाखवला आणि ओरडला, "उलटा चाललाय गड्या! तुला तिकडं जायचंय!"

देवलेकर गर्रकन वळला. कुंभेरीची पोरं अजून तोंडं उघडी ठेवून उभी होती. तो त्यांच्यामधून चढ चढून गेला आणि गोल करून आला. सामना संपला.

आता इथे माझं डोकं चालत नाही. अर्धं गाव म्हणालं, पाहिलंत, पुन्हा छावणीलाच मदत केली, फितूर तो फितूरच. अर्धं म्हणालं, फितूर माणूस चारशे लोकांसमोर असं कशाला करेल? कृत्य एकच आणि निष्कर्ष दोन, आणि दोन्ही मला बरोबर वाटतात. पण असं सांगतात की त्या गोंधळात सखाराम गवंडी उठून उभा राहिला. त्याने आपला चुन्याने पांढरा झालेला हात वर केला आणि इंगवल्याने दाखवली होती तीच दिशा दाखवली. मग त्याच्या शेजारच्याने. मग रांगेने सगळे. खुर्चीवरून प्रिन्सिपॉलांनी छत्री वर केली, असंही म्हणतात, पण ते ऊन लागल्यामुळे असेल.

दुसऱ्या दिवशी इंगवले दाखला मागायला ऑफिसात गेला. रेग्यांनी विचारलं, "का सांगितलंत त्याला?"

"सर, तिथं मी उभा राहून आलोय," तो म्हणाला.

दाखला दिला की नाही, यावर एकमत नाही. मी स्वतः जुना पट पाहिला. पुढच्या वर्षी इंगवले हे नाव आहे. पण त्या वर्षी कॉलेजात दोन इंगवले होते, आणि पटात फक्त आडनावं आहेत. तो तोच असावा, असं मी धरून चालतो. ते धरण्याला आधार नाही, हेही मला कळतं.

नवे नियम वर्षभरात आलेच, पण या मैदानावर बाजू बदलायचा जुना नियम कुणी सोडला नाही. मैदान सपाट करायचाही ठराव झाला. सखाराम गवंड्याने काम घ्यायला नकार दिला आणि मग कुणीच घेतलं नाही. आजही इथे गोल झाला, बाजू बदलली, की कडेला बसलेलं सगळं गाव हात वर करून दिशा दाखवतं. आपल्यांना दाखवतं आणि पाहुण्यांनाही. मीही दाखवतो. फक्त हात वर करण्याआधी शेजाऱ्याचा कुणीकडे आहे, ते एकदा पाहून घेतो.