नकाशात नसलेलं भोक

"पण बाबा, मूळ नकाशात भिंतीतलं हे भोक नाहीच. मग मी ते ठेवू कसं?"

त्र्यंबकने नकाशा पुन्हा उलगडला.

खाडीच्या तोंडाशी गोऱ्या साहेबांच्या काळात बांधलेलं हे इस्पितळ. बोटीवर साथ आली की सगळ्या उतारूंना इथे चाळीस दिवस अडकवून ठेवत. आता कौलं गेली, भिंती तेवढ्या उरल्या. त्या पूर्वी होत्या तशा करायचं काम इंजिनियर त्र्यंबककडे आलं होतं. उद्या मोठे साहेब पाहायला येणार होते.

हसनबाबा फकीर याच पडक्या जागेत राहत. त्र्यंबक लहानपणापासून त्यांना गुरू मानायचा.

"या बाजूला काय होतं?" बाबांनी विचारलं.

"पुरुषांचा वॉर्ड."

"पलीकडे?"

"बायकांचा. मधे ही सलग भिंत. जांभ्याची, हातभर जाड. दार नाही. खिडक्या बाहेरच्या भिंतींना, त्याही डोक्याच्या वर. वारा यावा, पण कुणी बाहेर डोकावू नये. काय डोकं चालवलंय, बाबा!"

"हं... आणि भोक कुणी पाडलं?"

"पाण्याने. नाहीतर घुशींनी."

"घुशी चमचा वापरतात?"

त्र्यंबक वाकला. भोक गुडघ्याएवढ्या उंचीवर होतं, खाटेवर पडलेल्या माणसाच्या हाताशी. आत जांभ्यावर बारीक खुणा होत्या. निम्म्यापर्यंत इकडून कोरलेल्या. पुढच्या, तिकडून.

कडा मात्र गुळगुळीत झाल्या होत्या.

"तरी ही मोडतोडच," तो म्हणाला. "मी बांधणाऱ्याचं काम राखतोय, तोडणाऱ्याचं नाही."

"मग राख."

"रागावलात?"

"छे. थापी घे आणि पलीकडे जा."

त्र्यंबक घमेल्यात ओला चुना घेऊन बायकांच्या वॉर्डात गेला. भोकासमोर उकिडवा बसला. थापी भरली.

भोकातून आधी बोटं आली. मग तळवा. सुरकुतलेला, उघडा. भिंतीपलीकडे बाबा खांदा टेकवून जमिनीवर बसले होते.

"बाबा, हात काढा."

"बाबा, चुना सुकतोय!"

हात हलला नाही.

"अहो, उद्या साहेबांना काय सांगू मी?"

भिंतीतून आवाज आला, "हा हातही नकाशात नाही. बुजव."