दुधाळी गप्प झाली तेव्हा

फार फार वर्षं झाली. इतकी, की डोंगरांना आजची नावंही पडली नव्हती. तेव्हा एका उंच मुलखात, बर्फाच्या पायथ्याशी, एका नदीच्या काठी एक गाव होतं. नदीला तिथे दोन उपनद्या येऊन मिळत. एक झऱ्यांची, नितळ, ती निवळी. दुसरी थेट बर्फाच्या पोटातून यायची, तिथे दळलेल्या दगडांचं पीठ घेऊन, दुधासारखी पांढरी, ती दुधाळी.

निवळी बाराही महिने एका चालीने वाहायची. दुधाळीचं तसं नव्हतं. सकाळी ती गुडघाभर असायची. ऊन चढलं, वरचं बर्फ वितळलं, की दुपारी अशी फुगायची आणि असा गडगडाट करायची, की घरातलं बोलणं घरात ऐकू येत नसे.

त्या गावात एक मुलगी होती. तिला सगळे दचकी म्हणत. दार वाजलं की दचकायची, शेळी शिंकली की दचकायची. एकदा संध्याकाळी "दरड आली, दरड आली!" म्हणून तिने अख्खं गाव घराबाहेर काढलं. आणि निघालं काय, तर शेजारच्या छपरावरून घरंगळलेला भोपळा! तेव्हापासून जो तो विचारायचा, "काय दचके, आज कुठला भोपळा पडला?"

सगळ्यांत मोठ्याने हसायची ती तिची आत्या. आईबापांच्या मागे तिनेच दचकीला वाढवलं होतं, त्यामुळे त्या हसण्यात माया होती. पण मायेचं असलं तरी ते टोचायचंच.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, दचकी अंगणात सातू पाखडत होती. ती एकदम दचकली. या खेपेला तर कशाचाच आवाज झाला नव्हता. तिने कान दिला. निवळीची झुळझुळ ऐकू येत होती. दुधाळीचा गडगडाट मात्र थांबला होता.

"दुधाळी आटली! दुधाळी आटली!" करत गाव काठावर जमलं. पात्र उघडं पडलं होतं. ओले गोटे उन्हात चकाकत होते. काठाकाठाने पोरं उड्या मारत होती.

आत्याने पदर खोचला. "तो मधला काळा दगड बघ! किती वर्षं डोळा ठेवून आहे मी त्याच्यावर. जात्यासाठी तसा दगड मुलखात मिळायचा नाही. चल गं, हात लाव."

दचकीने वर डोंगराकडे पाहिलं. एवढं ऊन, वर एवढं बर्फ, मग पाणी गेलं कुठे? बर्फाची कड ढासळून वरच्या घळीत अडकली असेल, आणि तिच्यामागे पाणी चढत असेल, तर?

"आत्या..."

"काय गं? भोपळा दिसला का?"

काठावर हशा पिकला. दचकीचे कान लाल झाले. ओठांवर आलेलं तिने गिळलं.

"काही नाही," ती म्हणाली. "पहार आणते."

ती घरी गेली. कोपऱ्यातली पहार तिने उचलली, आणि डोंगर गरजला.

वर तुंबलेलं पाणी बर्फ फोडून खाली सुटलं. काठावरची माणसं जीव घेऊन वर पळाली. आत्या पात्राच्या मधोमध होती, काळ्या दगडाला टेकून, पहारीची वाट बघत.

पाणी ओसरलं तेव्हा दगड जागच्या जागी होता. आत्या नव्हती. दुधाळीने तिला नदीत नेलं, आणि नदीने पुढे कुठे नेलं ते कोणालाच कळलं नाही.

लोक दचकीच्या दारी आले. एका म्हातारीने विचारलं, "पोरी, तुला तर पान पडलेलं कळतं. त्या दिवशी काहीच कळलं नव्हतं का गं?"

"कळलं होतं," दचकी म्हणाली.

मग बोलली का नाहीस, असं कोणी विचारलं नाही. ज्याला त्याला आपापलं हसणं आठवलं.

त्यानंतर दचकी दचकली की गाव हातातलं काम टाकायचं. "काय झालं पोरी? सांग." बहुतेक वेळा भोपळाच निघायचा. पण कोणी हसत नसे. आणि कोणी तरी आत्यासारखं खळखळून हसावं म्हणून तिचा जीव तुटायचा.

तात्पर्य: हसं होईल म्हणून मनातली शंका गिळू नये, आणि कोणाला ती गिळावी लागेल इतकं त्याला हसू नये.